सैतान थुंकायच्या आत : ब्लॅकबेरीच्या जुन्या गोष्टी, जुने शब्द

पाणंद

आमच्या घरामागे एक जुना कालवा आहे. एकेकाळी यातून कोळशाच्या होड्या जायच्या आणि त्या ओढणारी घोडी काठाकाठाने चालायची. आता घोड्यांच्या त्या वाटेवरून आम्ही फिरायला जातो. वाटेच्या दोन्ही अंगांना ऑगस्टपासून ब्लॅकबेरी पिकायला लागते. कुणी लावलेली नाही, कुणी पाणी घालत नाही, कुणाच्या मालकीची नाही. इंग्लंडात आठ वर्षं झाली, पण पहिली चार वर्षं मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत मिळते तीच ही, हे मुळी डोक्यातच आलं नाही.

डोळे उघडले ते शेजारच्या आजींनी. वय ८७. दरवर्षी मुठीची काठी घेऊन निघतात. काठी चालायला नाही, उंचावरच्या फांद्या खाली ओढायला. (आमच्या गावी करवंदांसाठी आणि आंब्यांसाठी असायची ती आकडी आठवा.) त्यांचे नियम ठरलेले आहेत. कुत्र्याच्या उंचीच्या खालची फळं घ्यायची नाहीत, कारण उघड आहे. घोसाच्या टोकाचं फळ सगळ्यांत आधी पिकतं आणि सगळ्यांत गोड असतं, ते तिथेच तोंडात टाकायचं. मागाहून पिकणारी मुरांब्याला. डब्यात चार-दोन लाल, कच्ची फळंही हवीत, नाहीतर जेली धरत नाही. आणि शेवटचा नियम : मायकेलमसनंतर, म्हणजे देवदूत मायकेलच्या सणानंतर, फळ तोडायचं नाही, त्यावर सैतान थुंकलेला असतो.

गोष्ट अशी. देवदूत मायकेलने सैतानाला स्वर्गातून ढकलून दिलं, तो पडला नेमका ब्लॅकबेरीच्या जाळीत. काटे असे टोचले की त्याने झुडपाला शिव्याशाप दिले आणि फळांवर थुंकला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी येऊन थुंकून जातो. (थुंकतो ही सभ्य आवृत्ती. बाकीच्या आवृत्त्यांत तो त्याहून वाईट करतो.)

हे आईला फोनवर हसत हसत सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्याकडे काय वेगळं? मिरग लागल्यावर मी तुला करवंदाच्या जाळीकडे फिरकू देत होते का?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. अशा कुणाच्याच नसलेल्या फळांबद्दल तुमच्या माहितीतले नियम, तारखा, शब्द, खोड्या, काय असेल ते लिहा. ब्लॅकबेरीच हवी असं नाही.

बटणवाला

धागा ब्लॅकबेरी फोनबद्दल आहे असं समजून धावत आलो. अंगठ्याने टाइप करायचे ते दिवस, ती खालची बारीक बटणं, तो लुकलुकणारा लाल दिवा... इथे तर काटे निघाले.

पाणंद

बटणवाला, तुमचाही हक्क आहे या धाग्यावर. नुसतं 'ब्लॅकबेरी' म्हटल्यावर आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना फोनच आठवेल.

बटणवाला

मग लिहूनच टाकतो. १९९९ मध्ये हे नाव ठेवलं गेलं. ती छोटी गोल बटणं या फळाच्या दाण्यांसारखी दिसतात, असं ते नाव सुचवणाऱ्यांना वाटलं. पुढे लोक त्याच्या इतके आहारी गेले की 'क्रॅकबेरी' ('क्रॅक' हा एक अमली पदार्थ) असा शब्द निघाला आणि २००६ साली एका अमेरिकन शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. २०१० मध्ये आपल्या सरकारचं आणि कंपनीचं निरोप वाचू देण्यावरून भांडण चाललं होतं, तेव्हा आमच्या साहेबांचा जीव टांगणीला लागला होता. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनांच्या सेवा बंद झाल्या. म्हणजे सैतान त्या दिवशी थुंकला असं धरा. अवांतर समाप्त.

मालवणी_खाजा

पाणंद, आई बरोबर सांगता. आमची आजी म्हणायची, "मिरग लागलो की करवंदां खावची नाय, किडे पडतत." आम्ही पोरं काही ऐकत नसू. पण पहिल्या सरीनंतरचं करवंद खरंच पाणचट लागतं, फोडलं तर आत वळवळणारं काहीतरी असायचं. मग आजीचं ऐकायचो. दोन दिवस.

खेळ मात्र सगळीकडे तोच असावा. करवंद दाताने फोडायचं आणि आत पाहायचं. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं, चुकलं की आपल्या वाट्यातलं एक द्यायचं. माझा धाकटा भाऊ उजेडाकडे धरून बघायचा लबाड. कुठून शिकला होता कोण जाणे, बरोबर ओळखायचा.

चिकाचं कुणी लिहिलं नाही अजून. ओठांना चीक लागला की तास दोन तास ओठ नुसते चिकटून राहायचे. ब्लॅकबेरीला चीक असतो का?

पाणंद

चीक नाही, डाग आहेत. बोटं दोन दिवस जांभळी. आणि काटे उलटे, मागे वळलेले. हात आत जाताना काही कळत नाही, बाहेर काढताना कळतं.

जुनं_पान

सैतानाच्या तारखेबद्दल थोडा कीस काढतो, राग नसावा. मायकेलमस म्हणजे २९ सप्टेंबर. पण इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी सैतानाची तारीख १० किंवा ११ ऑक्टोबर सांगतात. कारण असं की १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदललं. २ सप्टेंबरनंतरचा दिवस एकदम १४ सप्टेंबर. मधले अकरा दिवस गायब. सणांच्या तारखा कागदावर होत्या तिथेच राहिल्या, पण ऋतूच्या हिशेबात अकरा दिवस अलीकडे सरकल्या. ब्लॅकबेरीला सरकारी पंचांग कळत नाही, ती आपल्या वेळेलाच उतरणार. म्हणून लोकांनी 'जुनं मायकेलमस' धरून ठेवलं. सैतान जुन्या पंचांगाचा माणूस आहे.

यामागे काही नाही असंही नाही. ऑक्टोबरात तिकडे हवा ओली आणि गार होते, फळावर बुरशी धरते, माश्या बसून लाळ सोडतात, फळ पिचपिचीत होतं. कुणीतरी थुंकल्यासारखं दिसतं म्हणून थुंकल्याची गोष्ट, असंच असणार. आपला मिरग सूर्यनक्षत्रावर चालतो, म्हणजे ७-८ जूनच्या आसपास. तो पंचांगाच्या भांडणातून सुटला.

लिफीकाठ

आयर्लंडमधून. इथे सैतान नाही, पूका. घोड्याचं, बकऱ्याचं रूप घेणारं एक खोडकर भूत. ते सामहेनच्या रात्री, म्हणजे ऑक्टोबर संपताना, येऊन बेरी खराब करून जातं. कसं करतं ते ज्याने त्याने समजून घ्यावं. ब्लॅकबेरीला आयरिशमध्ये 'स्मेअर दूव' म्हणतात, दूव म्हणजे काळा.

१९३७ ते १९३९ या काळात इथल्या शाळांतल्या मुलांकडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी वह्यांत लिहून घेतल्या होत्या. तो सगळा संग्रह आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो. एकदा उघडलात तर रात्र गेली म्हणून समजा. मुलांनी फळं गोळा करून व्यापाऱ्याला विकायची, ती पिंपांत भरून इंग्लंडला जाम करायला आणि रंगासाठी जायची, त्या पैशांत थंडीचे बूट, असल्या नोंदी आहेत.

दप्तरदार

मी इथल्या एका जिल्हा दप्तरखान्यात शनिवारी फुकट काम करतो (निवृत्तीनंतरचे उद्योग). व्हिक्टोरियाच्या काळातल्या खेड्यांतल्या शाळांची रोजनिशी हेडमास्तरांना लिहावी लागायची. सप्टेंबरची पानं उघडली की ब्लॅकबेरी हमखास भेटते. आज हजेरी कमी, मुलं ब्लॅकबेरीला गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मास्तरांचं अक्षरच बिघडलेलं असतं. १८८० च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, पण जाळीला कुठे सक्ती कळते. कापणी, बटाटे काढणं, हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) तोडणं, ब्लॅकबेरी, या चारांपुढे शाळा म्हणजे पावसातली पणती.

गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, सरकारनेच सांगितलं की मुलांना शाळेच्या वेळात ब्लॅकबेरी तोडायला न्या. सैनिकांसाठी जाम हवा होता. तोवर खंदकांत जाऊन पडत होता तो प्लम आणि सफरचंदाचा जाम, आणि सैनिक त्याला इतके विटले होते की त्यावर विनोद आणि गाणी झाली होती. म्हणजे ज्या मास्तरांनी चाळीस वर्षं ब्लॅकबेरीच्या नावाने खडे फोडले, तेच आता शिट्टी वाजवत पोरांची रांग घेऊन जाळीकडे निघाले. एका रोजनिशीत मी ती नोंद वाचली तेव्हा मोठ्याने हसलो, दप्तरखान्यातल्या बाईंनी रागाने पाहिलं.

पाणंद

दप्तरदार, 'ब्लॅकबेरीला गेली' हे वाक्य तुम्ही अगदी मराठीत लिहिलंत बघा. इंग्रजीत त्यासाठी 'ब्लॅकबेरीइंग' असं चक्क क्रियापद आहे. फळाचंच क्रियापद. आपण क्रियापद करत नाही, 'ला'-'ना' लावतो. करवंदांना गेलो, लाकडांना गेली, गोवऱ्यांना गेली, खेकड्यांना गेले. 'कशासाठी' हे सांगायची गरजच नाही. माझ्या मुलीला 'आपण बेरीला जाऊ' म्हटलं तर ती विचारते, "बेरी कोण? तिच्याकडे कशाला?"

शब्दवेडा

आता राहवत नाही. इंग्रजीत झुडपाला 'ब्रॅम्बल' म्हणतात. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द. जर्मन 'ब्रोमबेरं' त्याच कुळातला. स्कॉटलंडमध्ये फळालाही ब्रॅम्बलच म्हणतात, ब्लॅकबेरी म्हटलं की तुम्ही दक्षिणेचे. उत्तर इंग्लंडच्या बोलीत तर 'बंबलकाइट' असा झकास शब्द होता. 'काइट' म्हणजे तिकडच्या बोलीत पोट. जास्त खाल्ली की पोटात गुडगुडतं, म्हणून, असा अर्थ लावतात. हे शब्द आता कोशातच उरलेत, कारण डबीवर 'ब्लॅकबेरी' छापलेलं असतं आणि डबी सगळ्या देशात एकच.

फ्रेंच आणखी मजेदार. तुती आणि ब्लॅकबेरी दोन्हींना एकच शब्द, 'म्यूर'. लॅटिनपासूनचा घोळ आहे तो. एक झाडावर, एक काट्यात, पण खाणाऱ्याच्या जिभेला काय फरक?

आणि एक निरीक्षण. इंग्रजीत रंगावरून फळाला नाव : काळी म्हणून ब्लॅकबेरी. मराठीत उलटं, फळावरून रंगाला नाव : जांभूळ म्हणून जांभळा. फळ आधी, रंग मागाहून.

चिमटा

शब्दवेडा, मग 'ऑरेंज' काय आहे? आणि 'डोंगरची काळी मैना'? करवंदवाली ओरडत जायची त्यात रंगच तर आहे.

शब्दवेडा

मान्य. पण काळी मैना ही आरोळी आहे, नाव नाही. (हरलो तरी वाद सोडणार नाही.) माझी आजी लुगड्याचा रंग सांगताना 'करवंदी' म्हणायची, तो शब्द दुकानात आता 'वाइन' झालाय. याचं दुःख करण्यापेक्षा एक इंग्रजी कोडं सांगतो : 'ब्लॅकबेरी हिरवी असते तेव्हा लाल असते.' तिकडे 'हिरवं' म्हणजे कच्चं. कच्ची ब्लॅकबेरी लाल असते. झालं कोडं. मराठीत सांगितलं की मरतं.

नाटक्या

'ब्लॅकबेरीसारखं मुबलक' ही म्हण इंग्रजीत आली ती शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या पहिल्या भागातून. जाड्या फॉल्स्टाफ खोटं बोलताना पकडला जातो. सगळे म्हणतात, कारण सांग. तो म्हणतो, कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी जबरदस्तीने मी एकही दिलं नसतं. आता वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की कारणांच्या मध्ये बेरी कुठून आली. तर त्या काळी 'रीझन'चा उच्चार 'रेझिन'सारखा व्हायचा. रेझिन म्हणजे बेदाणा. बेदाण्यावरून ब्लॅकबेरी. आज रंगमंचावर तो श्लेष कुणालाच कळत नाही, फॉल्स्टाफच्या पोटाकडे बघून लोक हसतात.

पण बेदाणा विकत आणावा लागे, परदेशातून येई. ब्लॅकबेरी कुंपणावर फुकट. म्हणून विनोदाला दुहेरी धार. मराठीत करायचं तर 'पैशाला पासरी'.

चिमटा

'पायलीचे पंधरा' चांगलं बसेल.

नाटक्या

नाही हो. पायलीचे पंधरा माणसांना म्हणतात, आणि त्यात तुच्छता आहे. पैशाला पासरी वस्तूला. पासरी म्हणजे पाच शेर. एका पैशाला पाच शेर कारणं, असं फॉल्स्टाफ मराठीत म्हणेल.

खापर

पुरातत्त्ववाल्याकडून एक भर. डेन्मार्कमध्ये १८३५ साली हाराल्डस्केर या ठिकाणच्या दलदलीत एका बाईचं शरीर सापडलं. पाणथळीतल्या आम्लामुळे कातडीसकट टिकलेलं. तेव्हा ती नॉर्वेची राणी गुनहिल्ड आहे असं ठरवून राजाने कोरीव शवपेटी दिली आणि तिला वाइले गावच्या चर्चमध्ये ठेवलं. नंतरच्या तपासात कळलं की ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली, राणीच्या दीड हजार वर्षं आधीची. पोटात काय होतं? न कांडलेलं धान्य, म्हणजे तुसासकट बाजरीच्या जातीचं काहीतरी, आणि ब्लॅकबेरी.

कोण होती, का मेली, यावर लोक भांडतात. पण ती ब्लॅकबेरीला गेली होती किंवा कुणीतरी तिच्यासाठी गेलं होतं, एवढं तर नक्की.

मालवणी_खाजा

अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षं.

वैद्यबुवा_नव्हे

औषधाचं कुणी बोललं नाही. ब्लॅकबेरीचा पाला आणि कोवळे कोंब घशासाठी, हिरड्यांसाठी, जुलाबावर, हे ग्रीक काळापासून. डायोस्कॉरिडीझ या ग्रीक वैद्याच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथाची इसवी सन ५१२ च्या सुमाराची एक चित्रमय प्रत व्हिएन्नात आहे, त्यातलं ब्लॅकबेरीचं चित्र बघा. लाल, काळी, अर्धी पिकलेली फळं एकाच फांदीवर. दीड हजार वर्षांपूर्वीचा चित्रकार जाळीपाशी उभा राहिला असणार, पुस्तकातून नक्कल केलेलं चित्र तसं येत नाही असं माझं मत.

इंग्लंडच्या खेड्यांत डांग्या खोकल्यावरचा उपाय वेगळाच. ब्रॅम्बलची लांब फांदी वाकून टोकाने जमिनीला टेकली की तिथेही मूळ धरते. दोन्हीकडे मुळं असलेली अशी कमान शोधायची आणि खोकणाऱ्या पोराला तिच्याखालून पलीकडे काढायचं. कुठे तीनदा, कुठे नऊदा. फोडं, मुडदूस, अंतर्गळ यांवरही हेच. खोकला काट्यात अडकून राहतो आणि पोर पुढे जातं.

चिमटा

हसू नका कुणी. आमच्या गल्लीत परवापर्यंत "गाढविणीचं दूध घ्या" म्हणत बाई यायची आणि सुशिक्षित आया चमचा घेऊन धावायच्या. खोकल्यावरच.

सिअॅटलचा_बोका

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातून नमस्कार. इथे ब्लॅकबेरी म्हणजे सुख नाही, शत्रू आहे. रस्ते, रेल्वेलाइन, ओढे, मोकळे प्लॉट, सगळीकडे घुसलेली. कापली की दुप्पट. लोक भाड्याने बकऱ्या आणून सोडतात. आणि नाव काय? 'हिमालयन ब्लॅकबेरी'. आमच्या घराशेजारचा म्हातारा मला दरवर्षी विचारतो, "तुमच्याकडूनच आली ना ही?"

नाही हो काका! ल्यूथर बरबँक नावाचा कॅलिफोर्नियातला प्रसिद्ध रोपवाटिकावाला होता. त्याला भारतातून बी मिळालं, त्याने १८८५ मध्ये 'हिमालया जायंट' म्हणून बाजारात आणलं. पण ते झुडूप मूळचं आर्मेनिया आणि उत्तर इराणच्या बाजूचं. बी आमच्या देशातून फिरून गेलं म्हणून आजवर बदनामी आमच्या हिमालयाची. आता मी 'आर्मेनियन' म्हणायला शिकवलंय त्याला. पुढच्या वर्षी परत तेच विचारेल.

फळ मात्र मस्त लागतं. शिव्या देत देत खातो.

घाटमाथा

वनस्पतिशास्त्रातला विद्यार्थी म्हणून दोन गोष्टी. एक, ब्लॅकबेरी ही बेरीच नाही. त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक वेगळं फळ, गर आणि आत कठीण कोय, अगदी आंब्याच्या बनावटीचं. म्हणजे एक ब्लॅकबेरी म्हणजे इवल्याशा आंब्यांचा घोस. उलट आपलं करवंद शास्त्रानुसार अस्सल बेरी आहे. टोमॅटो, वांगंही.

दोन, तिच्या कुळातलं झुडूप सह्याद्रीत आहे. महाबळेश्वरकडे गौरीफळ म्हणतात ते. खोडावर पांढरी भुकटी, फळ पिकलं की लाल होऊन पुढे काळसर जांभळं. पण ते रासबेरीच्या बाजूचं. ओळख सोपी : तोडल्यावर फळ टोपीसारखं पोकळ निघालं तर रासबेरीचं घराणं, मधला पांढरा दांडा फळातच राहिला तर ब्लॅकबेरीचं. ब्रिटनमध्ये ब्लॅकबेरीच्या तीनशेहून जास्त सूक्ष्म जाती मोजल्यात आणि त्यांच्या अभ्यासाला 'बॅटॉलॉजी' असं स्वतंत्र नाव आहे. वटवाघळांशी संबंध नाही.

रानबाजार

सगळं गोड चाललंय, मी थोडं आंबट लिहितो. 'कुणाच्या मालकीचं नाही' हे वाचून बरं वाटतं, पण ते कुणी म्हणायचं? आपण सुट्टीत करवंदांना जायचो. कसाऱ्याला, कर्जतला गाडीत पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन चढणाऱ्या ठाकर-कातकरी बायका पहाटेपासून जाळ्या धुंडाळून आलेल्या असतात. त्यांच्यासाठी ती खोडी नव्हती, रोजी होती. लिफीकाठने बुटांचं लिहिलंय तेच खरं आहे. मिरगाआधीचे चार आठवडे हातात पैसा, मग लावणीपर्यंत काही नाही. आणि आपण द्रोणाला पाच रुपयांवरून घासाघीस करायचो. मीही केली आहे.

पाणंद

रानबाजार, पटलं. आंबट असू दे. मला वाचताना एक आठवलं. इथे इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ चा चोरीचा कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की रानात आपोआप उगवलेल्या झाडाचं फळ, फूल, पाला तोडला तर ती चोरी नाही, जमीन कुणाचीही असो. पण विकण्यासाठी तोडलं तर चोरी. म्हणजे खायला तोडलंत तर निरपराध, पोटासाठी विकलंत तर चोर.

रानबाजार

आणि आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात नेमकं उलटं. पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आलेल्यांना गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचाही हक्क. कागदावर तरी. तुमच्या कायद्याने सुट्टीतलं फळ राखलं, आमच्याने रोजीचं. माझी तक्रार संपली, आता जेलीची कृती टाका.

पाणंद

टाकते. फळं मिठाच्या पाण्यात अर्धा तास, म्हणजे आतले किडे वर येतात. (हो, मायकेलमसच्या आधीही असतात.) मग तेवढीच आंबट सफरचंदं सालीसकट चिरून, बुडेल इतकं पाणी, मऊ होईस्तोवर शिजवायचं. ब्लॅकबेरीत पेक्टिन (जेली धरायला लावणारा फळातला पदार्थ) कमी, सफरचंदात भरपूर, म्हणून ही जोडी. मग कापडात बांधून रात्रभर टांगायचं. आजी स्टूल उलटं करून त्याच्या चार पायांना कापडाची चार टोकं बांधतात, खाली पातेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, हा तर चक्का! आमच्याकडे खुंटीला टांगतात एवढाच फरक. पिळायचं मात्र नाही, पिळलं की जेली गढूळ होते. निथळलेल्या रसाच्या प्रत्येक पेल्याला पाऊण पेला साखर, आणि बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवल्यावर सुरकुती पडेपर्यंत उकळायचं.

मालवणी_खाजा

करवंदांची होईल का अशी? चीक असतो ना.

घाटमाथा

कच्च्या करवंदांत पेक्टिन चांगलं असतं, सफरचंदाची गरज नाही. धरेल. चिकासाठी आधी उकळत्या पाण्यातून काढा, पाणी फेकून द्या.

पाणंद

उशिरा लिहितेय. काल १० ऑक्टोबर. जुनं_पान यांच्या हिशेबाने सैतानाचा दिवस. मुद्दाम आज सकाळी कालव्यावर गेले. उंचावर एक टपोरी राहिली होती, काळीभोर, दिसायला सप्टेंबरसारखीच. काठी नव्हती, छत्रीच्या मुठीने ओढली आणि तोंडात टाकली. पाणी. नुसतं गार पाणी आणि बिया. परतताना आजी कुंपणापाशी होत्या, त्यांना सांगितलं. त्यांनी माझी जीभ बघायला मागितली.

चिमटा

आणि?

पाणंद

जांभळी होती. "थुंक," म्हणाल्या.